गाडीची चौदावी खोड

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही. मी जिना चढत होते आणि ते खाली उभे राहून माझ्या पायांकडे बघत होते. मला ते आवडलं नाही. परत फिरायच्या बेतात होते तेवढ्यात ते म्हणाले, "डाव्या टाचंला चप्पल लागायलीय. दोन दिस झाले असतील."

दोनच दिवस झाले होते.

ते निवृत्त जनावरांचे डॉक्टर होते. सगळी नोकरी लातूर जिल्ह्यातल्या गाई-म्हशी बघण्यात गेल्यामुळे माणसाकडेही त्यांना चेहऱ्यापासून बघता येत नसे. आधी चाल, मग श्वास, मग कातडीचा तजेला, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची. त्यांची बायकोही डॉक्टरच म्हणायची. मी डॉक्टरकाका म्हणू लागले.

त्या दिवशी काकूंनी मला रीतसर प्रश्न विचारले. कुठली? नांदेडची. काय करतेस? कॉलेजच्या लायब्ररीत असते. घरी कोण? आईबाबा. माझी उत्तरं तेवढीच होती. काकू म्हणाल्या, "लई अबोल हाय बाई ही."

"अबोल पेशंट बरा," डॉक्टरकाका म्हणाले. "माझे समदे पेशंट असेच होते. सांगत काही न्हाईत, पण लपवीत बी न्हाईत. दे तिला खोली."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. माझ्याबद्दल एका दमात इतकं चांगलं आणि इतकं चुकीचं कुणी बोललं नव्हतं.

मी नांदेडला इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठी होती, पण ती जेवणाची, नातेवाइकांची आणि रागावण्याची. कासरा, वेत, दावण हे शब्द मला त्या घरात दोन वर्षांत मिळाले. खोड हा शब्दही तिथलाच. जनावराचा दोष म्हणजे खोड. औताला जुंपलं की मटकन बसणं ही खोड, धार काढताना लाथ मारणं ही खोड. डॉक्टरकाकांच्या मते खोड असणं हे पाप नव्हे. "खोड नसलेलं जनावर मी बघितलं न्हाई. माणूस तर सोडाच. पाप लपवण्यात हाय."

नोकरीत असताना बाजारात जनावरांचे दाखले द्यायचं काम त्यांच्याकडे असे. खोड लपवून दिलेला एकही दाखला आपल्या हातून गेला नाही, हे ते आठवड्यातून एकदा तरी सांगत. दुसरं काहीही त्यांनी मिरवलेलं मला आठवत नाही.

त्यांची गाडी पांढरी होती, असं तिच्या कागदपत्रांत लिहिलं होतं. मीटर तीन लाख अठ्ठावीस हजार किलोमीटरवर अडकलं होतं आणि त्यालाही चार वर्षं झाली होती. मागच्या सीटचा अर्धा भाग शेळ्यांसाठी काढून टाकलेला. आत बसलं की आयोडीन, ओला कडबा आणि शेळी असा वास येई. ही तीन नावंही मला नंतर कळली, आधी नुसता वासच येत होता. डिकीत गमबूट, बादली, सलाइनच्या बाटल्या, आणि गाडी बंद पडली की दुसऱ्या वाहनाला बांधून ओढत न्यायचा एक जाडजूड दोर.

रोज सकाळी चहाच्या आधी ते बोनेटवर तळहात ठेवून उभे राहत. गाईचा ताप कानाच्या मुळाशी बघतात, तसं. दवाखान्यातून उरलेल्या एका जाड नोंदवहीत गाडीचे केसपेपर होते. 'लक्षण: सकाळी उठायला कां-कूं. निदान: बॅटरी अशक्त. उपचार: दोन दिवस आराम.' एका पानावर नुसतंच 'खोकला' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

निवृत्त झाल्यावरही त्यांना गावांतून फोन येत. म्हैस अडली, वासरू आडवं आलं, की लोक दवाखान्याआधी त्यांना फोन करत. ते गमबूट चढवून निघत. पैसे घेत नसत. परत येताना मागच्या सीटवर कधी पेंडी, कधी भोपळा असे, आणि भोपळा कुणाचा हे त्यांच्या लक्षात राहत नसे. म्हैस कुणाची हे राहत असे.

गाडीला नाव का नाही ठेवलं, असं मी एकदा विचारलं होतं. त्या वर्षातला तो माझा सगळ्यात लांब प्रश्न असावा.

"नाव ठिवलं की इकता येत न्हाई, माय," ते म्हणाले.

गाडीचा मिस्त्री नांदेडला होता. लातुरात मिस्त्री काय कमी आहेत? पण डॉक्टरकाका ऑइल बदलायलाही नांदेडला जात. कारण लातूरचे मिस्त्री आधी पाना हातात घेतात आणि नांदेडचा आधी ऐकतो. मी ते डोळ्यांनी बघितलं. पांढऱ्या टोपीतला तो म्हातारा माणूस स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून घेई. शेजारी डॉक्टरकाका श्वास रोखून उभे. दोघं जण पाच-पाच मिनिटं एकमेकांशी बोलत नसत.

मिस्त्रीमुळे माझी सोय झाली. शनिवारी घरी जायला गाडी मिळे. एसटीनं तीन-साडेतीन तासांचं अंतर आम्हाला पाच तास लागायचं, कारण डॉक्टरकाकांना रस्त्याकडेचं प्रत्येक जनावर दिसायचं. एकदा अहमदपूरच्या पुढे त्यांनी गाडी थांबवली, उतरून एका अनोळखी माणसाच्या बैलाचं शेण काडीनं उकरून बघितलं आणि त्या माणसाला सांगितलं, "कडबा बदला." तो माणूस म्हणाला, "तुम्ही कोण?" डॉक्टरकाका गाडीत बसता बसता म्हणाले, "कुणी न्हाई, चाललो होतो." तो माणूस बराच वेळ आमच्याकडे बघत उभा होता. मी सीटमध्ये खाली सरकले होते.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मिस्त्रीनं नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं. मग हात पुसत म्हणाला, "डॉक्टरसाब, इंजिन खोलून नव्यानं बांधावं लागतंय."

"बांधल्यावर?"

"बांधून देतो. जबान देत न्हाई. बाकीचं अंग बी थकलंय तिचं."

परत येताना डॉक्टरकाका एकाही जनावरापाशी थांबले नाहीत. आम्ही तीन तासांत पोचलो.

घरात आठवडाभर गाडीवर चर्चा चालली. मला वाटलं होतं काकू विकायच्या बाजूनं असतील. पण काकूंनी निक्षून सांगितलं, "काय लागंल ते लागू द्या, इंजिन बांधा."

"जबान देत न्हाई म्हणला ना तो."

"तुमच्या तरी जबानीवर मी चाळीस वर्षं काढलीच की." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "गाडी गेली की ह्यांचं जाणं बंद. जाणं बंद झालं की दिवसभर माझ्याकडं बघत बसतील. परवा जेवताना मला म्हणले, घास तीसदा चावायलीस, रवंथ बरा हाय."

नवी गाडी घ्या, असं त्यांच्या मुलीनं पुण्याहून सुचवलं होतं. डॉक्टरकाका म्हणाले, "माझं उरलेलं वय तिच्या हप्त्यात बसत न्हाई." बाकी त्यांचं धोरण ठरलेलं होतं. बैल औतात बसायला लागला की दोनच गोष्टी करायच्या, खुराक वाढवायचा नाहीतर धनी बदलायचा. तिसरी गोष्ट म्हणजे 'बघू', आणि बघू हे आजाराचं नाव आहे. असं म्हणत त्यांनी दोन महिने बघू केलं.

मग एका सकाळी त्यांना निलंग्याकडून फोन आला. म्हैस रात्रीपासून अडली होती. ते लगेच निघाले आणि दुपारी परत आले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्यांनी डिकीतून गमबूट काढले. एरवी ते आल्या आल्या नळाखाली बूट धूत. त्या दिवशी त्यांनी ते तसेच पायरीवर ठेवले. बूट कोरडे होते.

गाडी चढावर बंद पडली होती. दीड तास तिथेच गेला. ते पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ते त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला खाली बोलावलं. ते गाडीतच बसले होते, मला शेजारी बसवलं. "अडलेल्या म्हशीपर्यंत जी पोचत न्हाई ती माझ्या दारात नको," ते म्हणाले. "जिथं वेळेचं ओझं न्हाई तिथं अजून धा वर्षं चालंल ती. जाहिरात दे. पण खोडी सांगून. लिहून घे."

त्यांनी अठरा खोडी सांगितल्या. मी मोबाइलवर लिहून घेतल्या. मागची डावी काच अर्ध्यावर थांबते. उजवीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो. पुढचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं, त्यामुळे आतल्यानं हात बाहेर काढावा. दुसरा गिअर मानानं घ्यावा. 'मानानं म्हणजे कसा?' हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी ते तसंच लिहिलं.

चौदाव्या खोडीला ते थांबले. "उन्हाचं लांब चालून आली आन् बंद केली, की पुन्हा चालू होत न्हाई. बोनेटखाली पेट्रोलचा पंप हाय, त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं. धा मिनटं थांबायचं. मग शिवी द्यायची."

"कुठली?" मी विचारलं, आणि विचारल्याचा लगेच पश्चात्ताप झाला.

त्यांनी ती सांगितली. एखाद्या औषधाचं नाव सांगावं तशी, समोरच्या काचेकडे बघत. ती त्यांच्या आजोबांची, एका विशिष्ट बैलासाठी राखून ठेवलेली शिवी होती. लांब होती. तिच्यात चार नातेवाईक, शेतीचं एक अवजार आणि शेजारचा एक तालुका होता.

"लिहिलीस?"

"नुसतं फडक्याचं लिहिलं तर?"

"अर्धा इलाज म्हंजे खोटा इलाज. पुरं लिही."

मी नंतर लिहू म्हणून जागा सोडली. मग ती जागाही बंद केली. थंडीचे दिवस होते, गाडी तापणार कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. "समद्या झाल्या ना?" त्यांनी शेवटी विचारलं तेव्हा मी मान हलवली. मान हलवणं हे बोलण्यात धरत नाहीत, असं मी लहानपणापासून मानत आले आहे.

जाहिरातीत फोन नंबर माझा होता. "माझा फोन मोकळा पायजे," डॉक्टरकाकांचं म्हणणं. "म्हैस अडली तर काय गिऱ्हाइकाचं बोलणं संपायची वाट बघंल का?" मी आयुष्यात कुणाचा फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचललेला नाही. अनोळखी नंबर तर मी उचलतच नाही, तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसते. पण खाली डॉक्टरकाका कान देऊन असायचे. "माय, फोन वाजायलाय तुझा," अशी हाक यायची. मेसेज करून खोडी पाठवायचा मार्ग मी सुचवला होता. तो त्यांनी नाकारला. वाचून खोड कळत नाही, ती आवाजात कळते.

फोन करणारे सगळे एकच विचारत. ॲव्हरेज किती देते?

डॉक्टरकाकांना हे कळल्यावर ते खूश झाले. "म्हशीचं बी हेच. किती देती? दूध किती देती इचारणारा गिऱ्हाईक. खाती काय इचारणारा मालक. मालकाला द्यायची, गिऱ्हाइकाला न्हाई."

तेव्हा मी खोडींची यादी वाचत असे. पाचव्या खोडीपर्यंत बहुतेक फोन बंद होत. एकजण आठवीपर्यंत टिकला आणि म्हणाला, "ताई, चाकं किती हायत तेवढं सांगा." दुसऱ्यानं सगळी यादी शांतपणे ऐकून विचारलं, "तुम्हाला इकायची हाय का नुसतं मन मोकळं करायचंय?" पौष गेला, माघ गेला. त्या यादीनं मला एक गोष्ट शिकवली. अनोळखी माणसाशी बोलताना आपल्याला काय बोलायचं हे आधीच लिहिलेलं असेल, तर आवाज इतका कापत नाही. मार्चपर्यंत मी पहिल्या रिंगला फोन उचलू लागले होते.

एप्रिलच्या सुरुवातीला चाकूरच्या पुढच्या गावातल्या एका दूधवाल्याचा फोन आला. त्याला डेअरीपर्यंत कॅन न्यायला गाडी हवी होती. त्यानं विचारलं, "ऑइल किती पिती?"

मी फोनवर हात ठेवला आणि गॅलरीतून खाली बघून म्हणाले, "काका, खाते काय विचारतायत."

डॉक्टरकाका उठून उभे राहिले.

तो दुसऱ्याच दिवशी आला. पन्नाशीचा, उंच, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोनेटवर तळहात ठेवला. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "अजून एक."

ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं, असं ठरलं होतं. मी ओसरीवर उभी राहून यादी वाचू लागले. दहाव्या खोडीला डॉक्टरकाकांचा फोन वाजला. कुठेतरी वासराचा एकच पाय बाहेर आला होता. ते फोन घेऊन फाटकाकडे गेले आणि मोठमोठ्यानं हात कसा घालायचा ते सांगू लागले. मी तेरावी खोड वाचली. खाली जागा नव्हती. दूधवाला माझ्याकडे बघत होता, काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी पुढची खोड वाचली.

डॉक्टरकाका परत आले तेव्हा मी शेवटच्या ओळीवर होते.

मग त्या दोघांनी बाजारातल्यासारखा सौदा केला. दूधवाल्यानं डोक्याचा टॉवेल काढला, दोघांच्या हातांवर टाकला, आणि त्याच्या आड एकमेकांची बोटं धरून ते पाच मिनिटं ओसरीवर समोरासमोर बसून राहिले. तोंडानं कुणी आकडा उच्चारला नाही. मधूनच एक मान हलवी, मधूनच दुसरा हसे. काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नात बी ह्यांनी माझा हात इतका येळ धरला नव्हता." गाडी कितीला गेली हे काकूंना अजून माहीत नाही.

निघताना डॉक्टरकाकांनी डिकी उघडून स्वतःचं सामान बाहेर काढलं, आणि शेवटी तो जाडजूड दोर.

"दावं ठिवून घेतो," ते म्हणाले.

"ते तर हायच," दूधवाला म्हणाला.

जनावर विकताना त्याचं दावं देत नाहीत. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते. दोघांनाही हे इतकं माहीत होतं, की हे दावं नाही, गाडी ओढायचा दोर आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. मी काही बोलले नाही. त्या दुपारी मी दोनदा गप्प बसले आणि दोन्ही वेळा ते सोपं होतं.

गाडी फाटकातून उजवीकडे वळली. हॉर्न वाजला. डॉक्टरकाका दोर हातात घेऊन उभे होते. काकूंनी गमबूट उचलून आत नेऊन ठेवले.

मी लायब्ररीत दुपारच्या ड्युटीवर पोचून तासभर झाला असेल, तोच फोन आला.

"ताई, मी चाकूरच्या अलीकडं हाय. चहाला थांबलो तर गाडी चालूच होईना. डॉक्टरनं खोड लपिवली."

"ऊन लागलं असेल," मी म्हणाले.

"मला बी लागायलंय, ताई. पर मी चालू हाय."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी पोचले तेव्हा डॉक्टरकाका ओसरीवर काकूंच्या पायाची सूज बघत होते. मी उभ्यानंच सांगितलं. दूधवाल्याचे शब्द होते तसेच सांगितले, कारण ते बदलले असते तर मला माझी गोष्ट सांगता आली नसती.

"लपिवली म्हणला?" त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "कोणती?"

"चौदावी. मी लिहिलीच नाही."

"का?"

"त्यात ती होती."

काकूंनी विचारलं, "ती कोण?"

डॉक्टरकाका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते चेहऱ्याकडे बघत होते. "इतक्या वर्षांत झालं न्हाई," ते म्हणाले. "चल. गाडी परत घेऊन येऊ."

माझ्या स्कूटीवर आम्ही चाकूरचा रस्ता धरला. मागे मांडीवर दोर घेऊन डॉक्टरकाका. डोक्याला काकूंनी ओला पंचा बांधून दिलेला. मला वाटलं रागावलेत, बोलणार नाहीत. पण औसा रोड सोडून गावाबाहेर आल्यावर मागून आवाज आला, "वळताना श्वास धरतीस तू. सोडत जा."

दूधवाला हॉटेलाच्या बाजेवर बसला होता. भोवती चार माणसं जमलेली, प्रत्येकाचा वेगळा इलाज. गाडीच्या सावलीत एक कुत्रं. डॉक्टरकाका उतरले, दोर खांद्यावर टाकला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खोड खरी हाय. आम्ही सांगितली न्हाई. सौदा मोडला. पैसे घरी हायत, जसेच्या तसे देतो. गाडी ओढत न्यायला दोर आणलाय."

मला वाटलं होतं ते माझं नाव घेतील. ते 'आम्ही' म्हणाले.

"मी लपवली," मी म्हणाले. आवाज माझा होता, पण कुणीतरी लायब्ररीत मोठ्यानं बोलावं तसा वाटला. "काकांनी सांगितली होती. मी वाचली नाही."

दूधवाल्यानं कपातला चहा संपवला. "मोडायचं मागून बघू. आधी खोड तर ऐकू."

डॉक्टरकाका माझ्याकडे वळले. "बाजाराचा कायदा हाय, माय. लपिवणाऱ्यानं उघडी करायची."

मी सांगितलं. दूधवाल्यानं सौद्याचाच टॉवेल हॉटेलच्या रांजणात बुडवून पंपावर टाकला. दहा मिनिटं सगळे उभे राहिले. मी तोपर्यंत हॉटेलच्या फळ्यावरची सगळी यादी वाचली. भजी, वडा, चुरमुऱ्यांचा सुशीला, चहा. पुन्हा वाचली.

"आता?" दूधवाला चाबी धरून म्हणाला.

"आता शिवी," डॉक्टरकाका म्हणाले.

मी दिली. गाडीच्या दिव्याकडे बघत, ओठांत.

"तिला ऐकू गेलं न्हाई," डॉक्टरकाका म्हणाले.

मी डोळे मिटले आणि पूर्ण दिली. चारही नातेवाईक, अवजार, तालुका. हॉटेलवाल्याच्या किटलीतली धार कपाबाहेर पडत राहिली. बघ्यांपैकी एक त्या तालुक्याचा निघाला. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. दूधवाल्यानं चाबी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

मला माहीत होतं की दोन तासांत पंप आपोआप गार झाला असणार. हे मी नंतर डॉक्टरकाकांना सांगितलंही. ते म्हणाले, "असंल. पण अडलेल्या येळी मी असले प्रयोग करीत न्हाई."

"सौदा?" डॉक्टरकाकांनी विचारलं.

"मोडायचा कशाला?" दूधवाला म्हणाला. "आता तर समदंच माहीत झालं. फक्त तेवढा दोर द्या. परत अडली तर?"

डॉक्टरकाकांनी दोराकडे बघितलं. त्यांच्या मनात काय चाललंय हे मला दिसत होतं. द्यावा तर बरकत जाते, न द्यावा तर माणूस रस्त्यात अडकतो. शेवटी दूधवाल्यालाच सुचलं.

"राहू द्या तुमच्यापाशी. दावं कसं मागू मी? असं करा. माझी एक म्हैस व्यायला झालीय, आन् गावात अजून चार हायत. सकाळी डेअरीला कॅन टाकले की गाडी मोकळीच असती. फोन आला की मी येतो न्यायला. तुम्ही दोर घेऊन बसा. गाडी अडली तर दोर हाय, म्हैस अडली तर डॉक्टर हाय."

"उशीर झाला तर?"

"बंदच करणार न्हाई तिला. दारात उभी बी चालूच ठिवीन."

डॉक्टरकाकांनी दोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "ऑइल बघत जा मग," ते म्हणाले.

त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा सकाळी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजायचा, कारण आमची गल्ली उजवीकडे होती. डॉक्टरकाका बूट घालून तयार असायचे. डावीकडच्या सीटवर, मांडीवर दोर. दार बाहेरून लावायला काकू. दुपारी बूट ओले असायचे.

पण सवयीनं कधीतरी दूधवाल्याचा हात चाबीकडे जायचाच आणि आमच्या फाटकात गाडी बंद व्हायची. काकू फडकं भिजवून आणायच्या. दहा मिनिटांनी तिघंही वर गॅलरीकडे बघायचे. ज्याच्या हाताला गुण आला त्याच्याकडूनच औषध घ्यावं, असं डॉक्टरकाकांचं मत होतं. पहिल्या वेळी काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इंग्रजी शाळंची फी वाया न्हाई गेली."

गेल्या वर्षी मला नांदेडला एका कॉलेजात नोकरी मिळाली आणि मी घरी आले. इथली लायब्ररी मोठी आहे. 'शांतता राखा' ही पाटी मी स्वतः रंगवून घेतली आहे.

मागच्या आठवड्यात भर दुपारी, वाचनकक्ष भरलेला असताना, फोन थरथरला. दूधवाल्याचा नंबर. पहिल्याच थरथरीला उचलला.

"ताई, उदगीरच्या रस्त्याला हाव. गाय अडलीय तिकडं. फडकं टाकलं, धा मिनटं झाली. आम्ही दोघांनी बी देऊन बघितली, ऐकंना. स्पीकरवर टाकलंय तुम्हाला. बोनेटपाशी धरलाय फोन."

मी उठून बाहेर जायला निघाले. पाण्याच्या कूलरपर्यंत गेले, तर तिथे प्राचार्य पाणी पीत उभे. मी परत फिरले. पलीकडून डॉक्टरकाकांचा आवाज आला, हळू आणि घाईचा. "माय, येळ न्हाई."

मी श्वास सोडला. मग टेबलापाशी उभी राहून पूर्ण दिली.

पलीकडे इंजिन खोकललं, आणि लागलं. "पोचतो बघ येळेवर," असं काहीतरी ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

वाचनकक्षातल्या सगळ्या माना वर झाल्या होत्या. मी पाटीकडे बोट दाखवलं आणि खाली बसले.